तिसरं बुडणं

कादंबरीत ती दोनशे सोळाव्या पानावर बुडते.
तळं आहे, कमळं आहेत, चंद्र आहे,
आणि लेखकानं बुडायला अडीच पानं दिली आहेत,
त्यात पाऊण पान नुसता पश्चात्ताप.

सिनेमावाले आले तेव्हा दिवाळ्यात कमळ नव्हतं.
खाडी होती, खाजण होतं,
उघाडीशी चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या.
चंद्राचं काम भर दुपारच्या उन्हाला दिलं.
फीत निळ्या रंगात बुचकळली की रात्र होते म्हणे.

साल चोवीस. कुसुमावती झाले होते मास्तर दिगंबर.
मिशी सकाळीच उतरवलेली, वरच्या ओठावर हिरवट सावली,
डोळ्यांत पाणी, हवं तेव्हा, हवं तेवढं.
पण खाडीचं पाणी गुडघ्याला लागलं
आणि कुसुमावती घोगऱ्या आवाजात म्हणाली,
आपल्याला पोहता येत नाही.
मूकपट, म्हणून निभावलं.

मग सगळे बांधाकडे बघू लागले.
बांधावर माझी पणजी. पोशीबाय.
डोक्यावरची मिठाची पाटी तिनं उतरवली,
तंबूत जाऊन कुसुमावतीचं लुगडं नेसली,
अजून कोमट होतं.
एका बुडण्याचा एक रुपया.

दिग्दर्शक सबनीसांनी तिला दुःख समजावलं:
नवऱ्यानं टाकलंय, सासऱ्यानं दार लावलंय,
जगात तुझं कुणी उरलं नाही.
ती म्हणाली, मना सा बहिनी हायत.
बरं बरं, ते म्हणाले, पाणी उतरायच्या आत चल.

पहिल्यांदा ती खाली गेली
आणि वर आली चिंबोरी घेऊन.
दुसऱ्यांदा केस पसरले, हँडल फिरत राहिलं,
बेगडाचा पत्रा धरलेल्या पोरानं सुस्कारा टाकला,
तर ही पलीकडच्या बांधावर पदर पिळत उभी.
अगं, वर यायचं नाही! सबनीस ओरडले.
मना बुराला येत नाय, ती म्हणाली,
मला वाचता येत नाही म्हणावं,
तशी जराशी लाजून.

तिसऱ्यांदा कमरेला दगड बांधला.
गाठ मास्तर दिगंबरांनी मारली, नाटकवाली गाठ.
पोशीबायचं अर्धं आयुष्य जाळ्याच्या गाठी सोडवण्यात गेलेलं.

शेवटी नुसते तरंग घेतले, आणि पाटी,
मराठीत, गुजरातीत, इंग्रजीत:
अरेरे! अबला जलार्पण जाहली!

तीन आठवडे लोक रडले.
पुढं कुणी फितीतली चांदी काढून घेतली,
उरल्यासुरल्याच्या बांगड्या झाल्या म्हणतात.
कुणाच्या हातात किणकिणली असेल कुसुमावती, कोण जाणे.

परवा संग्रहालयातून एक मुलगा आला.
मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात
बर्फाच्या बिलांवर त्यानं लॅपटॉप ठेवला.
एक मिनिट चाळीस सेकंद.
अख्ख्या सिनेमातलं एवढंच सापडलंय,
कापून टाकलेलं, पेटीच्या तळाशी अस्तरासारखं.
कापलेलं, म्हणून कुणी निळं केलं नाही.
रात्र नाही, चंद्र नाही. चक्क दुपार,
ओरखडे, बुरशीचे ठिपके, आणि पाण्यातून
वर येणारं एक डोकं.

ती तोंडातलं पाणी थुंकते,
कॅमेऱ्याकडे बघते, काहीतरी म्हणते.
मुलगा मागं नेतो, पुन्हा दाखवतो. चार वेळा.
इथं पाटी नाहीये, तो म्हणतो, जरा ओशाळून.

आत्या ऐंशीची. चष्मा पुसते, वाकते,
आणि ते ओठ आपल्या ओठांवर चालवून बघते:
दगर तलाला हाय तुमचा. घ्या कारून.

मुलाच्या फॉर्मवर कलाकार: अज्ञात.
ते त्यानं खोडलं. पोशीबाई लिहिलं.
बाई नाय, बाय, आत्या म्हणाली. त्यानं पुन्हा खोडलं.

आनि लिव, दोनच रुपये मिलले.
तिसऱ्या येलचा बाकी हाय.

मी हसलो. आत्या हसली नाही.
मुलानं कागद उलटून पाहिला, मग सुलटा,
पेनाचं टोपण दातात धरून म्हणाला,
कुठल्या रकान्यात लिहू?